भाकीत बाजारातील लोकभावना आणि स्वतंत्र अभ्यास

भाकीत बाजार म्हणजे भविष्यातील एखादी घटना घडेल की नाही, या प्रश्नावर बेतलेल्या करारांची खरेदी-विक्री जेथे होते असा बाजार. निवडणुकीचा निकाल, व्याजदरातील बदल, मोसमी पावसाचे आगमन, क्रिकेटचा सामना अशा, ज्याचा निकाल ठरावीक दिवशी निर्विवादपणे लागतो, त्या कोणत्याही घटनेवर असा करार होऊ शकतो. कराराचा चालू भाव हा त्या घटनेच्या संभाव्यतेचा सामूहिक अंदाज मानला जातो.

हा भाव दोन प्रकारच्या निर्णयांतून घडतो. स्वतः माहिती जमवून, तपासून केलेल्या निर्णयास स्वतंत्र अभ्यास म्हणतात. इतर लोक काय बोलतात आणि कशावर पैसे लावतात हे पाहून केलेल्या निर्णयामागे लोकभावना असते. या दोहोंचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शास्त्रांचा विषय आहे. पुरेशा व्यक्तींनी एकमेकांकडे न पाहता विचार केला असेल तरच भाव विश्वासार्ह ठरतो. सर्वांनी भावाकडे पाहूनच भाव ठरवला, तर तो केवळ प्रतिध्वनी उरतो, असा या अभ्यासांचा मुख्य निष्कर्ष आहे.

भारतात अशा व्यवहारांना ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने प्रसिद्धी मिळाली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातल्यानंतर हे मंच बंद पडले. तथापि हाच प्रश्न शेअर बाजारात आणि शेतमालाच्या बाजारात रोज उभा राहतो. पुणे-नाशिक महामार्गावरील मोशी-चाकण परिसरातील कांदा बाजार हे त्याचे एक जवळचे उदाहरण आहे.

स्वरूप आणि भावाचा अर्थ

भाकीत बाजारातील करार सामान्यतः ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन बाजूंचा असतो. घटना घडल्यास ‘हो’ची बाजू घेणाऱ्यास ठरलेली रक्कम मिळते, न घडल्यास काहीच मिळत नाही. भारतीय मंचांवर ही रक्कम बहुधा १० रुपये असे. ‘हो’चा भाव ६.५० रुपये असेल तर ‘नाही’चा भाव ३.५० रुपये असतो आणि बाजाराच्या मते घटना घडण्याची शक्यता ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. ‘घटना घडेल’ हे मत बरोबर असणे लाभासाठी पुरेसे नाही. भाव जेवढी शक्यता सांगतो तेवढीच शक्यता एखाद्याला वाटत असेल, तर दीर्घकाळात त्याला नफाही नाही आणि तोटाही नाही. मंचाचे शुल्क धरल्यास तोटाच आहे. अभ्यासाअंती ही शक्यता ७५ टक्के असल्याचे त्याला आढळले आणि ते खरे असले, तरच ६.५० रुपयांच्या करारामागे सरासरी १ रुपया सुटतो.

लोकभावना तीव्र असताना हे गणित अधिक कठोर होते. ‘हे होणारच’ अशा समजुतीने भाव ९ रुपयांवर गेला, तर जिंकल्यास १ रुपया मिळतो आणि हरल्यास ९ रुपये जातात. अशा दहा व्यवहारांपैकी नऊ जिंकून एक हरणारा माणूस शुल्कापूर्वी जेथल्या तेथेच राहतो. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीची किंमत भावात आधीच मिळवलेली असते.

समूहाच्या शहाणपणाची अट

समूहाचा अंदाज व्यक्तीच्या अंदाजापेक्षा सरस ठरू शकतो, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक मतदार निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि मते परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर मतदारांची संख्या वाढेल तसा बहुमताचा निर्णय अचूकतेच्या जवळ जातो.

याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील प्लिमथ येथील पशुप्रदर्शनाचे आहे. १९०६ मध्ये तेथे एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. त्यातील ७८७ वाचनीय चिठ्ठ्यांचा अभ्यास फ्रान्सिस गाल्टन यांनी केला आणि १९०७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. चिठ्ठ्यांतील मध्यक १,२०७ पौंड आला; प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. सरासरी तर १,१९७ पौंड, म्हणजे जवळजवळ अचूक होती. चिठ्ठी टाकणाऱ्यांत खाटीक व शेतकरी होते, तसेच केवळ हौस म्हणून आलेलेही होते. परंतु प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहिला होता आणि चुकीचा दंड म्हणून चिठ्ठीचे सहा पेन्स स्वतःचे घातले होते.

समूहाचे शहाणपण या दुसऱ्या अटीवरच उभे आहे. चुका स्वतंत्र असतील तर काहींचा अंदाज वर जातो, काहींचा खाली, आणि त्या एकमेकींना खोडून टाकतात. सर्वांच्या चुका एकाच दिशेने झुकल्या, तर हजार माणसांचा अंदाज एका माणसाच्या अंदाजाएवढाच उरतो. अमेरिकन लेखक जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात समूहाच्या शहाणपणासाठी मतांची विविधता, स्वातंत्र्य, विकेंद्रित माहिती आणि ती एकत्र आणणारी यंत्रणा अशा चार गोष्टी आवश्यक मानल्या. अशा यंत्रणेचे काम भाव करतो, हा विचार अर्थशास्त्रज्ञ फ्रिड्रिख हायेक यांनी १९४५ मध्येच मांडला होता. लाखो माणसांजवळ विखुरलेले तुटक ज्ञान भावाच्या एका आकड्यात गोळा होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आधुनिक भाकीत बाजारांची सुरुवात १९८८ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने शैक्षणिक प्रयोग म्हणून चालवलेल्या बाजाराने झाली. तेथे एका व्यक्तीस ५०० डॉलरपेक्षा अधिक रक्कम गुंतवता येत नसे. १९८८ ते २००४ या काळातील ९६४ जनमत चाचण्यांशी तुलना केली असता, या बाजाराचा अंदाज ७४ टक्के वेळा चाचणीपेक्षा निकालाच्या अधिक जवळ असल्याचे संशोधकांना आढळले.

लोकभावना आणि गतानुगतिकता

समूहातील व्यक्ती एकमेकांकडे पाहू लागल्या की स्वातंत्र्याची अट मोडते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये शेअर बाजाराची तुलना वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेशी केली. ज्याची निवड बहुसंख्यांच्या निवडीशी जुळेल त्याला बक्षीस, असा या स्पर्धेचा नियम. मग स्पर्धक स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता चेहरा सुंदर वाटेल, इतकेच नव्हे तर इतरांच्या मते इतरांना कोणता वाटेल, याचा विचार करू लागतो.

गतानुगतिकता केवळ भोळेपणातून येते असे नाही. मुंबईत जन्मलेले आणि २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये कळपवृत्तीचे एक साधे प्रतिमान मांडले. शेजारी-शेजारी दोन उपाहारगृहे आहेत. पहिले किंचित बरे असावे असा सर्वांचा पूर्वग्रह आहे. शंभर ग्राहकांपैकी नव्व्याण्णवांना दुसरे चांगले असल्याची स्वतंत्र माहिती मिळालेली आहे, फक्त एकाला पहिल्याची. तो एकटा योगायोगाने सर्वांत आधी येतो आणि पहिल्यात शिरतो. त्याला पाहून दुसरा ग्राहक विचार करतो की, आपली माहिती आणि याची माहिती एकमेकांना छेद देतात, तेव्हा पूर्वग्रहच मानावा. आणि तोही पहिल्यात जातो. तिसऱ्यालाही हेच योग्य वाटते. शेवटी शंभर जण कमी दर्जाच्या जागी बसतात. यांतील कोणीही मूर्खपणा केलेला नाही; परंतु नव्व्याण्णव जणांजवळची खरी माहिती कोणालाच कळत नाही. त्याच वर्षी सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि इव्हो वेल्श यांनी याच प्रक्रियेचे ‘माहितीचा धबधबा’ या रूपकातून विवेचन केले.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वित्झर्लंडमधील प्रयोगातही हेच दिसले. ज्यांना इतरांचे अंदाज दाखवले गेले त्यांच्या उत्तरांतील विविधता घटली. सामूहिक उत्तर मात्र त्या प्रमाणात सुधारले नाही. उलट एकमत झाल्यामुळे सहभागींचा आत्मविश्वास वाढला. लोकभावना माणसाला अधिक बरोबर न करता अधिक निःशंक करू शकते, असा याचा अर्थ होतो.

स्वतंत्र अभ्यासाची पद्धत

स्वतंत्र अभ्यास म्हणजे समूहाला विरोध नव्हे. समूह पूर्वेकडे जातो म्हणून पश्चिमेकडे जाणे हेही समूहाकडे पाहूनच वागणे होय. अभ्यासक साधारणतः पुढील पायऱ्या सांगतात.

पहिली पायरी प्रश्न नीट वाचण्याची. ‘अमुक तारखेपर्यंत पुण्यात मोसमी पाऊस येईल का?’ या प्रश्नाचा निकाल अंगणात पडलेल्या पाण्यावर नव्हे, तर भारतीय हवामान विभागाच्या घोषणेवर लागत असेल. जूनच्या आरंभी मोशी-भोसरी भागात वळवाची मोठी सर कोसळली की ‘पाऊस आला’ अशी भावना पसरते; परंतु वळीव म्हणजे मोसमी वारे नव्हेत. हा भेद जाणणारा आणि न जाणणारा यांचे अंदाज वेगळे होतात.

दुसरी पायरी पूर्वानुभवाच्या दराची. यापूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांत असे किती वेळा घडले, हे आधी पाहावे आणि यंदाच्या विशेष परिस्थितीची भर त्यावर घालावी. तिसरी पायरी मूळ साधनांची; बातमीवरील चर्चेपेक्षा आकडेवारी, शासकीय अधिसूचना आणि प्रत्यक्ष पाहणी यांना प्राधान्य द्यावे. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे बाजाराचा भाव पाहण्यापूर्वी स्वतःचा अंदाज आकड्यात लिहून ठेवणे. भाव एकदा दिसला की मन त्याच्याभोवतीच घुटमळते.

त्यानंतर स्वतःचा आकडा आणि बाजाराचा भाव यांची तुलना करावी. फरक मोठा असेल तर प्रथम ‘बाजाराला ठाऊक आहे असे आपल्याला काय ठाऊक नाही?’ हा प्रश्न विचारावा. अशा प्रकारे भाव हा अभ्यासाचा पर्याय न होता त्याची तपासणी बनतो.

अंदाजांची नोंद ठेवण्यासाठी अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेले गुणांकन वापरले जाते. ७० टक्के शक्यता सांगितली आणि घटना घडली, तर ०.७ आणि १ यांतील फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०९, हा चुकीचा आकडा. ९९ टक्के सांगून घटना घडली नाही, तर तो सुमारे ०.९८ होतो. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत २०११ ते २०१५ या काळात झालेल्या प्रकल्पात या मापाने हजारो सामान्य नागरिकांचे अंदाज तपासले गेले. त्यांत सातत्याने सरस ठरलेल्यांची लक्षणे अशी होती : ते मत थोडे थोडे व वारंवार सुधारत, विरुद्ध पुरावा शोधत आणि ‘नक्की’ हा शब्द टाळत.

या सर्व परिश्रमांना मोबदला असावा लागतो. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये यातील विरोधाभास दाखवला. भावात सर्व माहिती आधीच उतरलेली असेल, तर माहिती मिळवण्यासाठी कोणी खर्च करणार नाही. आणि कोणीच खर्च केला नाही, तर भावात माहिती उतरणार नाही. म्हणून कोणताही बाजार पूर्णपणे अचूक असू शकत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

मुंबई, १८६१–६५

एका प्रश्नावर अवघ्या शहराने पैसे लावल्याचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गुजरात, खानदेश व वऱ्हाडच्या कापसाचे भाव मुंबईत कडाडले. आलेल्या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा समभाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या तेजीचा सारा डोलारा ‘युद्ध अजून चालेल’ या एकाच भाकितावर उभा होता. परंतु भाव वाढत आहेत हाच भाव वाढण्याचा पुरावा मानला जाई. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडील सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. ही वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस आणि समभाग कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या पूर्ततेची तारीख अनेक पेढ्यांच्या दिवाळ्याची तारीख ठरली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली आणि १८६८ मध्ये त्याच नावाने नवी बँक काढावी लागली. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या प्रकरणाचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला.

ब्रिटन, २०१६

युरोपीय संघात राहण्याविषयी २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतापूर्वी पैजांचे बाजार ‘राहावे’ या बाजूस मोठी पसंती देत होते. प्रत्यक्षात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. पैज घेणाऱ्या कंपन्यांनी नंतर सांगितले की, पैजांची संख्या ‘बाहेर पडावे’ या बाजूस अधिक होती, परंतु मोठ्या रकमा ‘राहावे’ या बाजूस होत्या. भाव डोकी मोजत नाही, पैसे मोजतो. त्यामुळे पैसेवाल्या वर्तुळाची भावना ही सर्वांची भावना असल्याचा भास होऊ शकतो.

अमेरिका, २०१२ आणि २०२४

२०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत इन्ट्रेड या बाजारात एकाच व्यवहारकर्त्याने मिट रॉम्नी यांच्या बाजूने मोठ्या रकमा लावल्याचे व सुमारे ४० लाख डॉलर गमावल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. २०२४ मध्ये पॉलिमार्केट या मंचावर एका फ्रेंच व्यवहारकर्त्याने डोनाल्ड ट्रम्प यांच्या विजयावर कोट्यवधी डॉलर लावले, तेव्हा हाही भाव फुगवण्याचा प्रकार असल्याची शंका घेतली गेली. मात्र त्याने स्वखर्चाने वेगळ्या प्रकारची जनमत चाचणी करवून घेतली होती. तीत ‘तुम्ही कोणाला मत देणार?’ याऐवजी ‘तुमचे शेजारी कोणाला देतील?’ असे विचारले होते. ट्रम्प जिंकले आणि त्यास सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा लाभ झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रसंग सारखेच दिसत होते. अभ्यासाने लावलेला पैसा आणि हट्टाने लावलेला पैसा यांतील फरक भावावरून ओळखता येत नाही.

दलाल स्ट्रीट, जून २०२४

१ जून २०२४ च्या सायंकाळी लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीस ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या. ३ जून रोजी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २,५०० अंशांनी वाढून ७६,४६८ वर बंद झाला. ४ जून रोजी मतमोजणीत आघाडीस २९३ व भारतीय जनता पक्षास २४० जागा मिळाल्या आणि निर्देशांक एका दिवसात ४,३८९ अंशांनी, म्हणजे ५.७४ टक्क्यांनी, घसरला. ७ जूनपर्यंत तो पुन्हा ७६,६९३ वर पोहोचला होता. ज्यांनी चाचण्यांच्या उत्साहात ३ तारखेस खरेदी केली आणि भीतीने ४ तारखेस विक्री केली, त्यांचे नुकसान कायमचे झाले.

महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीस, १७ महायुतीस आणि १ अपक्षास मिळाली. लासलगावची कांदा बाजारपेठ ज्या दिंडोरी मतदारसंघात येते, तेथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. कांदा निर्यातबंदीवरील शेतकऱ्यांची नाराजी हे तेथील पराभवाचे एक कारण असल्याचे अनेक विश्लेषकांनी नमूद केले. ही नाराजी गुप्त नव्हती. लिलावाच्या ओट्यावर उभे राहणाऱ्या कोणालाही ती ऐकू येत होती. दलाल स्ट्रीटवरील भावात मात्र तिला फारसे स्थान मिळाले नव्हते.

मोशी-चाकण परिसरातील कांदा बाजार

मोशी येथे पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार आहे, तर चाकण येथील खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. येथे भाकितांचे करार विकले जात नाहीत. तरीही उन्हाळी कांदा एप्रिल-मे मध्ये काढल्यावर तो लगेच विकावा की चाळीत साठवावा, हा शेतकऱ्याचा निर्णय भाकीतच असतो. पावसाळ्यानंतर भाव वाढतील या अपेक्षेवर तो माल ठेवतो. दरम्यान कांदा सुकतो, सडतो, त्याला मोड येतात आणि वजन घटते. भाकीत बाजारातील हौशी माणूस पैज टाळू शकतो. शेतकऱ्यास तशी मुभा नाही. विकणे आणि ठेवणे या दोन्ही पैजाच आहेत.

लागवडीच्या वेळी लोकभावना अधिक प्रभावी ठरते. गेल्या वर्षी चांगला भाव मिळाला की सगळे गाव कांदा लावते, आवक वाढते आणि भाव पडतो. पुढच्या वर्षी सगळे हात आखडतात आणि भाव चढतो. या चक्राचे विवेचन अर्थशास्त्रात ‘कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त’ या नावाने केले जाते. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले आणि मोर्डेकाय इझिकेल यांनी १९३८ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली.

या निर्णयात स्वतंत्र अभ्यासाची साधने उपलब्ध आहेत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांतील आवक आणि भाव रोज प्रसिद्ध करते. खेड तालुक्यातीलच राजगुरुनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय असून वाण, साठवण आणि रोगनियंत्रण यांवर तेथे संशोधन होते. राज्यातील लागवड, इतर राज्यांतील पिकाची स्थिती, परतीचा पाऊस आणि साठ्यातील घट यांची माहिती एकत्र केल्यास पारावरच्या चर्चेपेक्षा भक्कम अंदाज बांधता येतो.

तथापि अभ्यासालाही मर्यादा आहेत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. पिकाविषयीचा अंदाज अचूक असूनही धोरण एका रात्रीत बदलल्याने तोटा होऊ शकतो. ‘आपल्या अभ्यासात न मावणारे काय आहे?’ हे ओळखणे आणि सर्व माल एकाच दिवसावर न सोपवता टप्प्याटप्प्याने विकणे, हा त्यावरील रूढ उपाय आहे.

कायदेशीर स्थिती

घटनांवर पैज लावण्याची प्रथा मुंबईस नवी नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात, जो आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा म्हणून ओळखला जातो, कापसाचा बाजारभाव, त्या भावातील आकडे आणि पाऊस पडणे वा न पडणे यांवरील पैजांचाही उल्लेख आहे. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर चालणारा सट्टा पुढे १९६० च्या दशकात मटका बनला. हा बदल बोधक आहे. कापसाच्या भावाचा काही अभ्यास तरी शक्य होता. मटक्यातून निघणाऱ्या आकड्याचा अभ्यास शक्यच नाही. तरीही ‘आज अमुक आकडा येणार’ अशी लोकभावना तेथेही तितक्याच जोराने पसरत असे.

भ्रमणध्वनीवरील ओपिनियन ट्रेडिंग मंचांनी काही रुपयांपासून व्यवहार खुले केले. हा कौशल्याचा खेळ असल्याचा त्यांचा दावा होता. सेबीने २९ एप्रिल २०२५ रोजी सूचना प्रसिद्ध करून हे मंच आपल्या नियमनाखाली येत नाहीत आणि गुंतवणूकदारांना मिळणारे संरक्षण तेथे लागू नाही, हे स्पष्ट केले. त्यानंतर ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५ संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य आणि नशीब असा भेद न करता पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर हा कायदा बंदी घालतो. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. या कायद्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

मर्यादा आणि टीका

भाकीत बाजारांचे समर्थक सांगतात की, चुकल्यास स्वतःचे पैसे जातात म्हणून लोक विचारपूर्वक बोलतात आणि समाजास फुकटात एक उपयुक्त आकडा मिळतो. टीकाकारांच्या मते, ज्या बाजारात थोडेच अभ्यासक आणि पुष्कळसे हौशी असतात, तेथे अभ्यासकांचा नफा हा हौशींचा तोटाच असतो. मंचाचे शुल्क वजा जाता सर्वांचा एकत्रित हिशेब तोट्याचाच निघतो. उथळ बाजारात थोड्या पैशांत भाव हलवता येतो आणि तो हललेला भावच बातमी बनून लोकभावना घडवतो.

नियमन असलेल्या बाजारातही स्थिती फार वेगळी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये तीस वर्षांखालील व्यवहारकर्त्यांचे प्रमाण ४३ टक्के होते. या व्यवहारांत समोरच्या बाजूस संगणकीय पद्धतीने काम करणाऱ्या मोठ्या संस्था असतात. त्यामुळे ‘आपण अभ्यास केला आहे’ हे पुरेसे ठरत नाही. ज्याच्याशी सौदा होत आहे त्याच्यापेक्षा अधिक अभ्यास झालेला असावा लागतो.

पैसे न लावताही भाकितांचा अभ्यास करता येतो, हे टेटलॉक यांच्या प्रकल्पाने दाखवले आहे. त्यातील बहुतेक सहभागी केवळ गुणांसाठी अंदाज वर्तवत. विद्यार्थ्यांसाठी वही, तारीख, टक्केवारी आणि निकाल एवढ्या चार गोष्टी यास पुरतात. अशा नोंदीतून स्वतःचा अंदाज कोठे अभ्यासावर आणि कोठे ऐकीव मतावर बेतलेला होता, हे कालांतराने आपोआप स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

जनमत चाचणी
मतदानोत्तर चाचणी
वायदे बाजार
संभाव्यता सिद्धान्त
कृषी उत्पन्न बाजार समिती
वर्तनवादी अर्थशास्त्र